समृद्धीवर कुठून चढायचं आणि कुठे उतरायचं? ठाण्याहून वाशिमला कारने जाणाऱ्यांसाठी

नमस्कार. तुमचा प्रश्न मला कळला तो असा: तुम्ही ठाण्यात राहता, गाव वाशिमजवळ आहे आणि दिवाळीला पहिल्यांदाच स्वतःच्या कारने समृद्धी महामार्गावरून घरी जायचं आहे. सगळे त्याला मुंबई-नागपूर महामार्ग म्हणतात, पण नकाशावर तो मुंबईत कुठेच सुरू होताना दिसत नाही. आमणे नावाच्या गावाजवळ येऊन संपतो. मेहुणे सांगतात की इगतपुरीपर्यंत जुन्या रस्त्याने जा आणि तिथून चढा. त्यातच, मध्येच उतरलो तर नागपूरपर्यंतचा सगळा टोल कापला जाईल का, ही शंका आहे.

मी भिवंडीत मालवाहतुकीच्या धंद्यात आहे. गाडी कुठल्या रस्त्याने सोडायची, कुठे उतरवायची, टोल आणि डिझेलचा मेळ कसा घालायचा, हे माझं रोजचं काम. विदर्भाकडे जाणाऱ्या आमच्या बहुतेक गाड्या आता समृद्धीनेच जातात. तेव्हा जे सांगतो ते याच कामातलं आहे. फक्त एवढं लक्षात ठेवा की मी गाड्या सोडतो त्या मालाच्या, तुम्ही जाणार घरच्या माणसांना घेऊन. वेळ आणि आराम यांचं वजन तुमच्याकडे जास्त असणार.

आधी रस्त्याची टोकं स्पष्ट करू. समृद्धी ७०१ किलोमीटरचा आहे. नागपूरकडचं टोक हिंगणा तालुक्यात शिवमडक्याला, मिहान या औद्योगिक प्रकल्पाच्या बाजूला. मुंबईकडचं टोक ठाणे जिल्ह्यात, भिवंडी तालुक्यातल्या आमण्याला. म्हणजे हा रस्ता नागपूर शहरातही शिरत नाही आणि मुंबईच्या हद्दीतही येत नाही. दोन्हीकडे शहर गाठायला दुसरा रस्ता घ्यावाच लागतो. किलोमीटरची मोजणी नागपूरकडून आहे: शिवमडक्याला शून्य, आमण्याला ७०१. तुम्ही ठाण्याहून जाताना कडेचे आकडे कमी कमी होत जातील. रस्त्यावरची माणसं या आकड्याला ‘चॅनल नंबर’ म्हणतात आणि ज्या बाजूने तुम्ही जाल तिला ‘नागपूर कॉरिडॉर’. गाडी बंद पडली आणि मदत मागायची वेळ आली, तर ‘नागपूर कॉरिडॉर, चॅनल नंबर अमुक’ एवढं सांगितलं की समोरच्याला नेमकी जागा कळते. आजूबाजूला वस्ती नसते, दुकानाची पाटी नसते, त्यामुळे ‘कुठे आहात’ याचं दुसरं उत्तर तिथे देताच येत नाही. घरच्यांनाही हे सांगून ठेवा.

आता मेहुण्यांचा सल्ला. तो जुना झाला आहे, पण उगाच दिलेला नाही. हा रस्ता तुकड्या-तुकड्याने सुरू झाला. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा भाग ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला. शिर्डी ते भरवीर हे ८० किलोमीटर मे २०२३ मध्ये, भरवीर ते इगतपुरी हे २५ किलोमीटर मार्च २०२४ मध्ये आणि शेवटचे इगतपुरी ते आमणे हे ७६ किलोमीटर ५ जून २०२५ ला. म्हणजे सव्वा वर्षभर मुंबईकडून येणाऱ्यांसाठी समृद्धी खरोखरच इगतपुरीला सुरू होत होता. त्या काळात गेलेल्या प्रत्येकाच्या डोक्यात तेच बसलं आहे. त्याआधी गेलेले अजून ‘शिर्डीहून चढा’ असं सांगतात. या रस्त्याबद्दल कुणी काही सांगितलं की मी आधी विचारतो, तुम्ही शेवटचे कधी गेला होतात?

पण टोकं कळली म्हणून तुमचं काम होत नाही. तुम्ही या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारच नाही आहात. समृद्धी दोन्ही बाजूंनी बंदिस्त आहे. साध्या महामार्गावर गावाचा फाटा दिसला की वळता येतं, तसं इथे नाही. चढणं-उतरणं फक्त ठरलेल्या इंटरचेंजवर. त्यामुळे प्रवासाचे तीन भाग पडतात: घरापासून इंटरचेंज, मधला समृद्धी, आणि उतरल्यानंतर गावापर्यंतचा रस्ता. लोक मधल्या भागाचाच विचार करतात, कारण तो मोठा आणि नवा. आमच्या कामात मात्र गाडी उशिरा पोहोचते ती पहिल्या आणि तिसऱ्या भागामुळे. मधला भाग जवळपास नेहमी ठरल्या वेळेत होतो.

म्हणून माझी पद्धत उलटी आहे. आधी उतरायचं ठिकाण ठरवतो, मग चढायचं. उतरण्याचं ठिकाण निवडताना गावापासून सर्वात जवळचा इंटरचेंज कुठला, हे मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो. पहिलं बघतो ते तिथून गावाकडे जाणारा रस्ता कसा आहे. दहा किलोमीटर जास्त पडले तरी चालतील, पण पुढचा रस्ता दुपदरी, पक्का आणि रात्री वर्दळीचा हवा. समृद्धीवर शंभरच्या वर चाललेली गाडी एकदम खड्ड्यांच्या, वळणांच्या अरुंद रस्त्यावर आली की ड्रायव्हरच्या डोळ्यांना आणि पायाला तो वेग सोडायला वेळ लागतो. उतरल्यानंतरची पहिली काही मिनिटं म्हणूनच जपायची असतात.

तुमच्या बाबतीत हे गाव वाशिमच्या कुठल्या बाजूला आहे यावर अवलंबून आहे, आणि ते तुम्ही लिहिलेलं नाही. वाशिम शहर किंवा त्याच्या दक्षिणेला हिंगोलीकडे असेल, तर मालेगावला उतरा. तिथून अकोला-वाशिम-हिंगोली-नांदेड हा राष्ट्रीय महामार्ग मिळतो आणि वाशिम जवळच आहे. गाव मंगरुळपीरच्या बाजूला असेल, तर मालेगावच्या पुढचा शेलूबाजार सोयीचा. तिथून अकोला-मंगरुळपीर रस्ता लागतो. मानोरा किंवा कारंजा तालुक्यात असेल, तर आणखी पुढे कारंजा. आणि रिसोडकडे असेल, तर मालेगाव की त्याच्या अलीकडचं मेहकर, हे गावातल्याच कुणाला तरी विचारून ठरवा. त्या बाजूच्या रस्त्यांची अवस्था एका पावसाळ्यात बदलते, आणि ती तिथे रोज फिरणाऱ्यालाच माहीत असते. नकाशा दोन्हींत पाच-सात मिनिटांचा फरक दाखवेल, त्यावर जाऊ नका.

नावांचीही काळजी घ्या. माझ्या अनुभवात या रस्त्यावर सर्वात जास्त गोंधळ याचाच होतो. समृद्धीवरचं मालेगाव म्हणजे वाशिम जिल्ह्यातलं मालेगाव जहांगीर. नाशिक जिल्ह्यातलं मालेगाव वेगळं, ते आग्रा रोडवर, आणि मोबाइलवर नुसतं ‘मालेगाव’ टाकलं तर आधी तेच येतं. कारंजा म्हणजे कारंजा लाड. वर्धा जिल्ह्यात कारंजा घाडगे आहे. गोंदे दोन आहेत: समृद्धीचा इंटरचेंज सिन्नर तालुक्यातल्या गोंद्याला, नाशिक-पुणे महामार्गाजवळ, आणि दुसरं गोंदे इगतपुरी तालुक्यात, मुंबई-नाशिक महामार्गावर, जिथे कारखाने आहेत. नांदगाव खंडेश्वर अमरावती जिल्ह्यात, नुसतं नांदगाव नाशिक जिल्ह्यात. नवीन ड्रायव्हरला गाडी देताना आम्ही गावाबरोबर जिल्हाही लिहून देतो. सोबत उतरण्याच्या अलीकडच्या इंटरचेंजचं नावही. तुमच्यासाठी ते मेहकर. मेहकरची पाटी गेली की ज्याच्या हातात मोबाइल आहे त्याने जागं राहायचं, पुढे मालेगाव. लांब सरळ रस्त्यावर बोलता बोलता एखादी पाटी सहज निघून जाते, पण दोन पाट्या सहसा निघून जात नाहीत.

आता चढण्याकडे येऊ. ठाण्याहून तुमचा रस्ता माजिवडा, साकेत पूल, खारेगाव, मानकोली, रांजनोली, वडपे आणि मग जोडरस्त्याने आमणे. अंतर जास्त नाही, पण सगळ्या प्रवासात वेळेचा भरवसा इथेच सर्वात कमी. मानकोली आणि रांजनोली हे आमच्या गोदामांचे नाके. दिवसभर आणि विशेषतः संध्याकाळी इथून कंटेनर, आयशर, ट्रेलर सतत आत-बाहेर करतात. अवजड वाहनांच्या बंदीची वेळ संपली की थांबवलेल्या गाड्या एकदम सुटतात. माजिवडा ते वडपे रस्ता रुंद करायचं काम बरीच वर्षं चाललं आहे आणि कुठल्या दिवशी कुठली लेन बंद असेल ते त्या दिवशीच कळतं. पहाटे चारच्या सुमारास ठाणे सोडलंत तर हा टप्पा हसत पार होतो. सकाळी आठला निघालात तर समृद्धीवर जेवढा वेळ वाचणार, त्यातला मोठा भाग मानकोलीलाच गेलेला असेल. दिवाळीच्या आदल्या दोन-तीन दिवसांत तर पहाटेशिवाय दुसरी वेळ मी सुचवणारच नाही.

मोबाइलवर नुसतं ‘आमणे’ टाकू नका. तो तुम्हाला गावात नेऊन सोडेल, आणि गावातून महामार्ग डोळ्यांसमोर दिसत असूनही वर चढता येणार नाही. घरीच नकाशा मोठा करून बघा की रेघ रॅम्पवरून समृद्धीला मिळते की खालून अंडरपासमधून पलीकडे जाते. वरून बघताना दोन्ही सारखंच दिसतं. एकदा खात्री झाली की रस्त्यावरच्या पाट्यांवर विश्वास ठेवा.

इगतपुरीहून चढायला आजही बंदी नाही. टोलमध्ये थोडी बचत होते. पण त्यासाठी कसारा घाट जुन्या रस्त्याने चढावा लागतो, आणि जुन्या रस्त्यावरही पडघ्याजवळ टोल आहेच. इगतपुरी ते आमणे या ७६ किलोमीटरच्या टप्प्यात पाच बोगदे आहेत. त्यातला मोठा बोगदा जवळपास आठ किलोमीटरचा आहे आणि घाटाचं काम काही मिनिटांत करतो. भरलेला ट्रक कसाऱ्यात पहिल्या-दुसऱ्या गिअरवर चढताना ज्याने पाहिला आहे, त्याला या बोगद्याची किंमत सांगावी लागत नाही. माझं मत स्पष्ट आहे: कुटुंब बरोबर असताना, पावसाळी किंवा धुक्याच्या दिवसांत, आमण्याहूनच चढा. शहापूरजवळ खुटघरचा इंटरचेंज आहे. आसनगाव-शहापूर-मुरबाड भागातल्यांसाठी तो उत्तम, ठाण्याहून निघणाऱ्याला त्याचा उपयोग एवढाच की आमण्याला काही अडचण आली तर नाशिक महामार्गाने पुढे जाऊन तिथून चढता येतं.

टोलचं. पूर्ण टोल कापत नाहीत. साध्या राष्ट्रीय महामार्गावर नाका रस्त्यावरच आडवा असतो. तो ओलांडला की ठरलेली रक्कम गेली, मग पुढे तुम्ही दोन किलोमीटर जा की पन्नास. समृद्धीवर चढताना फास्टॅगची नोंद होते आणि उतरताना जेवढं अंतर कापलं तेवढ्याचे पैसे कापले जातात. १ एप्रिल २०२५ पासून कारला किलोमीटरला २ रुपये ६ पैसे असा दर आहे. त्या हिशेबाने आमणे ते नागपूर पूर्ण १४४५ रुपये होतात. तुम्ही मालेगावला उतराल तर साधारण हजाराच्या आसपास धरा. इगतपुरीहून चढून जी बचत होईल ती दीडशे-एकशे साठच्या घरात, म्हणजे काय सोडून काय वाचवतोय ते तुम्हीच बघा. दर ठरावीक काळाने बदलतात, तेव्हा निघण्याआधी महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाचं चालू दरपत्रक एकदा पाहा. फास्टॅगमध्ये पैसे चढताना असणं पुरेसं नाही, उतरताना असायला हवेत, कारण कापले तिथे जातात. जाऊन-येऊनचे पैसे आधीच भरून ठेवा. फास्टॅग चालला नाही तर दुप्पट टोल भरावा लागतो. आणि उतरल्यावर आलेल्या मेसेजमध्ये चढल्याचं ठिकाण बरोबर नोंदलं गेलंय का, ते पाहा. चुकलं असेल तर बँकेकडे तक्रार त्याच दिवशी केलेली बरी.

समजा, मालेगाव निघून गेलं. शांतपणे पुढे शेलूबाजारपर्यंत जा. तिथे उतरून मंगरुळपीरमार्गे वाशिमला या, किंवा जुन्या नागपूर-संभाजीनगर रस्त्याने मागे मालेगावला या. थोडं अंतर, थोडा टोल आणि थोडा वेळ जाईल, बाकी काही नाही. रॅम्पच्या तोंडाशी ब्रेक मारून थांबणं, कडेच्या पट्टीवरून गाडी मागे घेणं, हे मात्र कुठल्याही परिस्थितीत करू नका. मागून येणारी कार ताशी १२० ने येत असते, ती त्या रस्त्यावरची कायदेशीर मर्यादाच आहे. मागच्याला तुम्ही थांबलेले आहात हे कळेपर्यंत अंतर संपलेलं असतं. आमच्या ड्रायव्हरांना मी हे प्रत्येक वेळी सांगतो: इंटरचेंज चुकला तर मला फोन करा, वाढीव टोल मी देईन, पण गाडी मागे घेऊ नका.

तुम्ही प्रश्नात आणखी एक ओळ लिहिली होती, की तुमच्या काकांच्या शेताच्या बांधालगत समृद्धी जातो, मग तिथूनच उतरता येईल ना. नाही येणार. मला या गोष्टीचं खरंच वाईट वाटतं. दहा जिल्ह्यांतून हा रस्ता गेला. ज्यांच्या जमिनीतून गेला त्यांतल्या कितीतरी गावांना तो फक्त बघायला मिळतो. गावातून वाहनांचा आवाज ऐकू येतो आणि चढायचं तर वीस-पंचवीस किलोमीटर लांबच्या इंटरचेंजवर जावं लागतं. बंदिस्त ठेवण्यामागचं कारण मला मान्य आहे. एवढ्या वेगाच्या रस्त्यावर बैलगाडी, दुचाकी, ट्रॅक्टर येऊ लागले तर रोज माणसं मरतील, म्हणून दुचाकी आणि तीनचाकी वाहनांना तिथे मुळात परवानगीच नाही. पण मग इंटरचेंजपर्यंत पोहोचवणारे गावाकडचे रस्ते तेवढ्याच निगुतीने व्हायला हवे होते. इंटरचेंजजवळ नवनगरं आणि शेतमालाची केंद्रं उभी करायची मूळ कल्पना होती. मोसमात वाशिमचं सोयाबीन आणि जालन्याची मोसंबी भरायला आमच्या गाड्या जातात, तेव्हा गाडी इंटरचेंजवर वेळेत पोहोचते आणि शेतापर्यंतच्या शेवटच्या पट्ट्यात अडकते. काकांना सांगा की बांधावर घ्यायला येऊ नका, मालेगावला या. कुंपणाजवळ गाडी उभी करून सामान पलीकडे देणारे लोक मी पाहिलेत. तसं करू नका.

तुमच्या प्रश्नाखाली इतरांनीही विचारलं आहे, म्हणून दोन ओळी. पुण्याहून विदर्भात जाणाऱ्यांनी आमण्याकडे येण्याचा विचारही करू नये. अहिल्यानगरमार्गे छत्रपती संभाजीनगर गाठून माळीवाडा, सावंगी किंवा पुढे जालन्याहून चढावं. चाकण-राजगुरुनगर बाजूचे असाल तर नाशिक रस्त्याने सिन्नरचं गोंदे बघा. नाशिककरांनाही गोंदेच जवळचं. शिर्डीसाठी कोपरगावचा इंटरचेंज, तो आमण्यापासून साधारण १८० किलोमीटरवर. लोणारचं सरोवर बघायला मेहकर. आमण्याला पुढे वडोदरा-मुंबई द्रुतगती महामार्ग मिळणार आहे, आणि वाढवण बंदराकडून तवा ते भरवीर असा जोडमार्ग मंजूर झाला आहे. हे झाले की चढण्याची ठिकाणं पुन्हा बदलतील आणि मी वर लिहिलेलं काही जुनं होईल.

इंधन ठाण्यातच पूर्ण भरा. समृद्धीवर पंप आहेत, पण एकमेकांच्या जवळ नाहीत. टायरमधली हवा आदल्या दिवशी थंड गाडीत तपासा, आणि टायर पाच-सहा वर्षांचे झाले असतील तर ते बदलल्याशिवाय या रस्त्यावर जाऊ नका. दर दोन तासांनी विश्रांतीच्या ठिकाणी थांबून खाली उतरा. रस्ता इतका सरळ आहे की डोळे उघडे असूनही माणूस पेंगतो.

परतीच्या वेळी मात्र आमण्याला कधी उतरायचं, हा निर्णय इगतपुरीच्या अलीकडेच घ्यावा लागेल. वाशिमहून सकाळी निघालात तर दुपार ओलांडून तुम्ही इगतपुरीला याल, आणि आमण्याला उतराल तेव्हा भिवंडीच्या गोदामांची संध्याकाळची गर्दी सुरू झालेली असेल. सिन्नरच्या आसपास थांबा घ्या आणि वडपे ते माजिवडा रस्ता मोबाइलवर बघा. लाल दिसला तर घाई करून आमण्याच्या बाहेर उभं राहण्यापेक्षा वरच विश्रांतीच्या जागी जेवून घ्या आणि रात्री साडेनऊ-दहानंतर खाली या. लहान मुलं बरोबर असतील, तर वाशिमहूनच पहाटे निघा, म्हणजे दुपारच्या जेवणाला ठाण्यात पोहोचाल.